जोडीतली एक पाटली

मोंढ्यात सोयाबीन पडायला लागलं की माझी मान खाजते. आता मी आडतीवर बसत नाही, दुकान पुतण्याच्या हवाली केलंय, पोत्याला हात लागत नाही, तरी खाजते. उभ्या हयातीत तो भुसा कॉलरीत शिरत आला, मानेला सवय लागली असणार. सकाळी गच्चीवर उभा राहिलो की वाऱ्यावर तो वास येतो, ओलसर, कच्च्या तेलाचा. मग मला कळतं की आता रस्त्यानं ट्रॅक्टरांची रांग लागणार, हमालांना चहा प्यायला फुरसत मिळणार नाही, आणि दसरा-दिवाळी जवळ आली की मोंढ्यात घामेजून उभी असलेली हीच माणसं अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून सराफ लाइनीत येणार. लातुरात सोयाबीनचा सीझन आणि सोन्याचा सीझन असे एकामागोमाग येतात. पहिल्यात माणूस मोकळा असतो, शिव्या देतो, हसतो. दुसऱ्यात तोच माणूस काचेच्या दारापाशी चप्पल काढावी का नको, एवढ्यावरच अवघडून उभा राहतो.

या दिवसांत लोक मला अडवून विचारतात, "अप्पा, सोनं आत्ताच घ्यावं का थोडं थांबावं?" मी काय सराफ हाय? पण कपाळावरची विभूती आणि पांढऱ्या मिशा बघून लोकांना वाटतं की याला सगळं कळत असणार. खरं तर हे लोक मला विचारतच नव्हते. ते विचारायचे शांताला, माझ्या बायकोला. तिला जाऊन आता तिसरा पावसाळा सरला. ती गेली तरी प्रश्न यायचे थांबले नाहीत, आणि दार उघडायला आता मी एकटाच आहे.

सोनं घ्यावं तर शांतानं. सणाच्या दिवशी ती दुकानाची पायरी चढत नसे. "गर्दीत माणूस वजनाकडं बघत न्हाई, आपला नंबर कधी येतो तेच बघतो," म्हणायची. दसऱ्याच्या आधीच, एखाद्या साध्या मंगळवारी-बुधवारी सकाळी, दुकान झाडून पाणी मारलेलं असतानाच आम्ही जायचो. घेतलेली वस्तू दसऱ्याला देवापुढं ठेवायची. मुहूर्त देवघरात साधायचा, दुकानात नाही, असा तिचा हिशोब. दागिना काट्यावर ठेवायच्या आधी त्याला बांधलेला चिठ्ठीचा दोरा ती कापून घ्यायला लावायची. सराफ हसायचा, "तेवढ्या दोऱ्यानं काय होतंय, बाई?" ती म्हणायची, "मग कापल्यानं तरी काय होतंय?" माझं वाचायचं भिंग पर्समध्ये टाकून न्यायची आणि हॉलमार्कचा शिक्का खिडकीच्या उजेडात धरून बघायची. खडे असले तर खड्यांचं वजन वेगळं, सोन्याचं वेगळं. बोरमाळ असली तर आत लाख किती भरली आणि तिचं वजन कुणाच्या माथी, हे आधी बोलून घ्यायचं. पावती पक्की. आणि मनात भरलेल्या दागिन्याकडं दुसऱ्यांदा बघायचं नाही.

हे शेवटचं मला पटायचं. मोंढ्यातही तसंच असतं, चांगल्या मालाच्या ढिगापाशी घेणारा कधी रेंगाळत नाही. तरी एकदा माझ्याकडून चूक झाली. ती एक ठुशी बघत होती आणि मी बाकड्यावर चहा घेत बसलो होतो. तिच्या गळ्याला ती लावलेली दिसली आणि मी म्हणून गेलो, "छान दिसाय लागलीय." तिनं तिथल्या तिथं ठुशी काढून ठेवली आणि उठली. बाहेर आल्यावर म्हणाली, "तुम्ही छान म्हणलात, आता तो मजुरी कमी करील का?" घरी आल्यावर मात्र आरशापुढं उभी राहून म्हणाली, "खरंच दिसत होती का?" मी हाव म्हणलं. ती ठुशी काही आम्ही घेतली नाही.

स्वतःसाठी ती फार कमी घ्यायची. सीझन संपला की दरवर्षी एक वेढणं. चोख सोन्याची साधी तार, अंगठीसारखी गोल वळवलेली, एवढंच. नक्षी नाही, खडा नाही, घडणावळ नावापुरती. ज्या साली माल चांगला आला त्या साली जाड, ज्या साली पावसानं शेंगा जाग्यावर कोंबारल्या त्या साली बारीक, पण घेतल्याबिगर वर्ष गेलं नाही. "दागिना मोडला की घडणावळ पाण्यात जाती," ती सांगायची, "वेढण्याचं तसं न्हाई. ते दागिना व्हायची वाट बघत बसतंय." या सगळ्या वेढण्यांच्या पाटल्या करायच्या होत्या, आमच्या उमासाठी. उमा आमची एकुलती एक. तिच्या लग्नातच करून टाकू म्हणलं तर शांता ऐकेना. "लग्नात सगळेच देतेत. त्यात कुणाचं काय आलं ते पोरीला कळत न्हाई. पाटल्या मी सावकाश देईन. साधा दिवस बघून देईन."

साधा दिवस काही आला नाही. शिमग्याच्या सुमाराला तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. निलंग्याकडच्या आमच्या मळ्यात तिला समाधी दिली. पाहुणे गेले, उमाही नांदेडला परत गेली. मी देवघर आवरायला बसलो तेव्हा विभूतीच्या जुन्या डबीत ती सगळी वेढणी सापडली, एकात एक अडकवून ठेवलेली.

एकटं वाटतं. हे लिहायला मला फार दिवस लाज वाटली, म्हणलं माणसं काय म्हणतील, एवढा आडतीवर ओरडणारा माणूस. पण वाटतं ते वाटतं. दुपारी डबेवाला येतो, दारात डबा ठेवून जातो, तो दोन शब्द बोलला तर त्या दिवसाचं बोलणं झालं. टीव्ही लावतो, आवाज बंद करतो, कारण मला आवाज नको असतो, कुणीतरी हलतंय एवढं दिसायला हवं असतं. शांता असताना घरात बोलणं तीच करायची. मी हाव, न्हाई, बघू, एवढ्यावर संसार केला.

उमा नांदेडला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. जावई बँकेत, माणूस चांगला. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो.

"जेवलात का अप्पा?"

"जेवलो."

"गोळी घेतली का?"

"घेतली."

मग आम्ही दोघंही फोन कानाला लावून बसतो. तिच्या घरातला पंखा मला ऐकू येतो. हीच पोरगी आईशी बोलायला लागली की तास तास थांबायची नाही. आमच्या दोघांमधली बोलणारी निघून गेली होती आणि आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. आई गेल्यावर तिचं लातूरला येणंही तुटलं. एकदा मीच विचारलं तर म्हणाली, "दारात पाऊल टाकलं की अव्वाला हाक मारायला तोंड उघडतंय, अप्पा. मग राहवत न्हाई." मी बरं म्हणलं. मला एवढंच पाहिजे होतं की पोरीनं यावं, आईसाठी येत होती तसं माझ्यासाठी यावं.

मग मागच्या साली, असाच सीझन सुरू असताना, मी त्या पाटल्या करायच्या ठरवल्या. काचेच्या मोठ्या दुकानात गेलो नाही. तिथं आपलं सोनं घेतात आणि तयार दागिना पुढं ठेवतात, आणि मला तर हिच्याच सोन्याच्या पाटल्या पाहिजे होत्या. गोलाईच्या चौकामागच्या गल्लीत दिगंबर सोनार आहे, शांताच्या माहितीतला. त्याच्यापुढं डबी उघडली. त्यानं एकेक वेढणं कसोटीवर घासलं, मान हलवली. मी शांताच्या तोऱ्यात सगळं विचारून घेतलं. घट किती धरणार, मजुरी किती, तांबं किती घालणार, हॉलमार्क करून आणणार का. चोख सोन्याच्या पाटल्या टिकत नाहीत, हातात वाकतात, थोडं तांबं घालावंच लागतं, हे मला ठाऊक होतं. मनातल्या मनात म्हणलं, बघ शांते, काही विसरलो न्हाई.

"माप?" दिगंबरनं विचारलं.

"कशाचं?"

"हाताचं, अप्पा. कुणाच्या हातात घालायच्या, त्या हाताचं."

मी दोन बोटांनी माझंच मनगट धरून दाखवलं, म्हणलं, यापेक्षा जरा बारीक असेल. तो हसला नाही हे त्याचे उपकार. म्हणाला, "मनगटाला कोण विचारतंय? पाटली पंजातून गेली पाहिजे. अंगठा आत दुमडला की जिथं हात सगळ्यात रुंद होतो, तिथलं माप. लेकीचा हात रुंद हाय का चिंचोळा?"

सोयाबीनचा दाणा दाताखाली धरून मी त्यातली ओल सांगत होतो, आणि माझ्या पोटच्या पोरीचा हात रुंद का चिंचोळा ते मला माहीत नव्हतं. घरी जाऊन तिचं कपाट उघडलं, लग्नाआधीच्या काचेच्या बांगड्या होत्या, त्या घेऊन गेलो. दिगंबरनं त्या तशाच परत दिल्या. "ह्या कवळ्या हाताच्या. आता भाकरी थापून, धुणं पिळून हात भरला असेल. ह्या मापानं केल्या तर अडकतील." हातात घातल्याबिगर पाटली घेऊ नये, असं शांता म्हणायचीच. पण तिच्या त्या बोलण्यात तो हात कुणीतरी संगं आणावा लागतो, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

उमाला फोनवर विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "मला नकोत पाटल्या, तुमच्याजवळच राहू द्या सोनं." म्हणून मी एस.टी.त बसलो. अहमदपूर, लोहा करत दुपारच्या आत नांदेडला पोचलो. तिला सांगितलं, इकडं एका व्यापाऱ्याकडं काम होतं, जाता जाता आलो.

"कोणता व्यापारी?"

"हाय एक. हदगावचा."

"हदगावचा व्यापारी नांदेडात काय करून राहिला?"

"आलाय तोपण कामानं," मी म्हणलं आणि पाणी मागितलं.

त्या दिवशी मी दुसरं काही केलं नाही, तिचे हात बघितले. ती स्वयंपाकघरात भाकरी थापत होती आणि मी दारापाशी खाली बसलो होतो. उजव्या हाताच्या बोटांत खडूची भुकटी मुरलेली. डाव्या मनगटावर घड्याळ, त्याच्या वर एक भाजल्याचा जुना डाग, तो कधी झाला मला माहीत नाही. शांता नेहमी म्हणायची, पोरीचा हात डिट्टो माझ्यासारखा. तसं नव्हतंच. शांताची बोटं निमुळती होती. उमाच्या बोटांचे पेर जाड, पंजा आडवा, अंगठा बाहेर वळलेला. तो हात माझा होता. एवढी वर्षं माझा हात तिथं कामं करत होता आणि मला पत्ता नव्हता. ताटावर बसलो तरी मी बघतच राहिलो.

जेवण झाल्यावर मी धीर केला. खिशात दोरा होता, तो मुठीत धरला आणि म्हणलं, "उमे, हात दे गं जरा."

तिनं लगेच हात पुढं केला आणि मला ओढून उभं केलं. तिला वाटलं, गुडघे धरलेत, उठता येईना. "इतका वेळ खाली कामून बसलात?" म्हणून मलाच रागावली. माझा हात तिनं थोडा वेळ तसाच धरून ठेवला, मी नीट उभा राहीपर्यंत. तिचा हात गरम होता, पिठानं खरखरीत. ती लहानपणी रस्ता ओलांडताना माझं बोट धरायची, त्यानंतर कधी तिचा हात हातात आला होता, आठवेना. आमच्यात बाप लेकीचा हात धरत नाही. दोरा मुठीतच घामेजला.

मग मी चोरी केली. मोरीच्या कट्ट्यावर तिनं हात धुताना काढून ठेवलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. त्यातली एक उचलून रुमालात गुंडाळली आणि संध्याकाळची गाडी धरली. ती म्हणाली, राहा आजचा दिवस. मी म्हणलं, सीझन हाय. लोह्याच्या पुढं रस्ता उखडलेला, गाडी उसळत होती, आणि मी दोन्ही हातांची ओंजळ करून ती काचेची बांगडी मांडीवर सांभाळत बसलो होतो. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय, पाखरू हाय का?" मी हाव म्हणलं.

सोनं वितळवताना मालकानं उठू नये, हाही शांताचाच नियम. तिला कुणावर संशय नसायचा, पण आपलं सोनं आपल्या नजरेपुढं पाणी व्हावं, असं ती म्हणायची. म्हणून मी दिगंबरच्या पुढं पाटावर बसून राहिलो. त्यानं वेढणी एकेक करून मुशीत टाकली. मी मनात ओळखत होतो. हे जाड त्या साली घेतलं, जेव्हा सोयाबीनचा भाव चढला होता आणि ही दुकानात पहिल्यांदा मोकळेपणानं हसली होती. हे बारीक त्या साली, जेव्हा माल भिजून काळा पडला आणि मी म्हणलं होतं, यंदा राहू दे, आणि ती म्हणाली होती, यंदा तर घ्यायलाच पाहिजे. दिगंबरनं ज्योत लावली. थोडा वेळ काही झालं नाही. मग कडा ढिल्या पडल्या, वेढणी एकमेकांत घसरली आणि मुशीच्या तळाशी एक लाल, थरथरता थेंब राहिला. कोणत्या सालचं कोणतं, ते आता कुणालाच सांगता आलं नसतं. मला तिथं रडू आलं. दिगंबरनं माझ्याकडं न बघता पंखा बंद केला आणि चहा सांगितला.

दिवाळीच्या पाडव्याला उमा आली. आढेवेढे घेत, एका दिवसासाठी, पण आली. मी गुलाबी कागद उलगडून पाटल्या तिच्यापुढं ठेवल्या.

"ह्या अव्वाच्या," म्हणलं.

"अव्वाच्या कुठं होत्या पाटल्या?"

मग मी सांगितलं. वेढणी, विभूतीची डबी, दिगंबर. मी इतकं सलग कधी बोललो नव्हतो. ती ऐकत होती आणि तिचे डोळे भरत होते. मधेच म्हणाली, "म्हणजे माझी बांगडी तुम्ही नेली? मी भांडेवालीला दोनदा विचारलं, अप्पा." आम्ही दोघं हसलो. त्या घरात तिची आई गेल्यावर पहिल्यांदा कुणी हसलं.

तिनं अंगठा दुमडून पाटली चढवली. पेरांपाशी जराशी थांबली आणि आत गेली. तिनं हात हलवून बघितला, मग कानापाशी नेला, का ते मला कळलं नाही. दुसरी पाटली तिनं उचलली, तळहातावर धरून ठेवली बराच वेळ, आणि परत गुलाबी कागदात ठेवली.

"ही एक तुमच्याकडं राहू द्या," ती म्हणाली.

पाटल्यांची जोड कधी फोडत नाहीत. एकटी पाटली घालायला शोभत नाही, मोडायला गेलं तरी दुकानदार विचारतो, दुसरी कुठं हाय. सोन्याच्या कुठल्याही शहाणपणात हे बसत नव्हतं. पण मी ‘का’ म्हणून विचारलं नाही. मला आतून इतका आनंद झाला होता की विचारायची भीती वाटली. पोरगी निम्मा जीव इथं ठेवून चालली, आता घ्यायला येईल, येत राहील, असं मी मनाशी धरलं.

संक्रांत आली. उमा आली नाही. महाशिवरात्रीची जत्रा भरली, पाळण्यांचा आवाज गच्चीपर्यंत यायचा, तेव्हाही नाही. उन्हाळ्यात म्हणाली, पेपर तपासायचेत. श्रावणात म्हणाली, ह्यांना सुट्टी नाही. मी प्रत्येक वेळी बरं म्हणलं. प्रत्येक सणाच्या आधी पाटली काढायची, मऊ कपड्यानं पुसायची आणि परत ठेवायची. सोनं पुसावं लागत नाही, मला माहीत आहे. एकदा फोनवर विचारलं, "पाटली घालतीस का?"

"घालते की. कॉलेजात पोरी विचारतेत, मॅडम, दुसरी कुठं हाय?"

"मग काय सांगतीस?"

"माहेरी हाय म्हणते."

त्या दिवशी मी डबा सगळा संपवला.

आता पुन्हा सोयाबीन आलंय. परवा समोरच्या घरातले गुरुजी आणि त्यांची बायको आली, माणसं मूळची जळकोटची, पोरीचं लग्न ठरलंय. "अप्पा, तुम्ही संगं चला, तुम्हाला कळतंय." गेलो. दोरा कापायला लावला, भिंगातून शिक्का बघितला, खड्यांचं वजन वेगळं करून घेतलं. सराफ म्हणाला, "बाईंची आठवण करून दिलीत." पाटल्या बघायच्या होत्या. पोरीच्या हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून तिची आई पाटली सरकवत होती आणि पोरगी हसत होती, "हळू ना, दुखतंय." आणि गुरुजी मोबाइलात बघत बसलेले. मला एकदम संताप आला. दुकानात सगळ्यांसमोर मी त्यांना म्हणलं, "ठेवा तो मोबाइल. पोरीच्या हाताकडं बघा. नीट बघून ठेवा." ते दचकले. मी बाकड्यावर जाऊन बसलो, समोर चहा आला होता, तो घेतला नाही. माझा त्यांच्यावर कसला आलाय राग. वर्षभर एकट्या पाटलीकडं बघून जे साचलं होतं, ते त्या भल्या माणसावर निघालं.

संध्याकाळी फोन वाजला.

"जेवलात का अप्पा?"

मी जेवलो म्हणलं नाही. म्हणलं, "उमे, तुझी पाटली न्यायला कधी येतीस?"

पलीकडचा पंखा तिनं बंद केला.

"मी?" ती म्हणाली. "मी न्यायला येऊ?"

"मग कोण येणार? तूच तर ठेवून गेलीस."

"ती तुम्ही घेऊन याल म्हणून ठेवली होती, अप्पा."

मला कळेना. ती मात्र बोलायला लागली ती थांबेना, आईशी बोलायची तशी. "दोन्ही नेल्या असत्या तर तुमचं काम संपलं असतं. मग कशाला आला असतात तुम्ही नांदेडला? कामाबिगर कुणाकडं जायचं माहीत हाय का तुम्हाला? म्हणलं, एक मागं राहिली की द्यायच्या निमित्तानं तरी याल. संक्रांतीला तिळाच्या पोळ्या करून वाट बघितली. फोन केला तर तुम्ही म्हणलात, जेवलो. मी काय म्हणणार मग? तुम्ही फोन करून कधी येतो म्हणताव का बघत होते."

वर्षभर लातुरात मी दाराकडं कान लावून बसलो होतो आणि नांदेडात ती. एस.टी.नं दुपारच्या आत पोचता येतं एवढ्या अंतरावर. मी पाटली हातात घेऊन बसलो होतो, ती गरम झाली होती.

"उद्या सकाळच्या गाडीनं निघतो," मी म्हणलं.

"अन् परत कधी जाणार?"

आजवर मी कुठंही गेलो तरी परतीची गाडी ठरवूनच घराबाहेर पडलो.

"ते तू सांग," मी म्हणलं.